बांधावरची हाक

आमच्या गावात माझी एक गोष्ट अजून सांगतात. धनगराचं कुत्रं मला चावलं, थोरला भाऊ कुऱ्हाड घेऊन धावला, आणि मी रक्ताळलेल्या पायाने आडवा येऊन म्हणालो, "मारू नका त्याला." ऐकणारे माझ्याकडे कौतुकाने बघतात. आता मी पंचेचाळिशीला आलो आहे. इतकी वर्षं मीही मान खाली घालून ते कौतुक घेत आलो. कुऱ्हाड अडवली हे खरं आहे. का अडवली, ते मात्र मी कधी सांगितलं नाही.

लढाई नुकतीच संपली होती आणि मी पलटणीतून सुटून घरी आलो होतो. कुंडलच्या बाजूला आमचा ऊस. ऊस तुटून गेला की मोकळ्या रानात आबा, माझे वडील, मेंढरं बसवायचे. त्यांच्या लेंड्या-मुताने जमीन सुधारते. माण भागातून एक म्हातारा धनगर आणि त्याची बायको दरवर्षी आमच्याकडे उतरायची. रानात दोरीची जाळी उभी करायची, तिला वाघर म्हणतात. आत मेंढरं, बाहेर तीन दगडांची चूल, आणि राखणीला एक तांबडं, रुंद छातीचं कुत्रं.

वाघरीकडे जायची एक रीत होती. बांधावर थांबून हाक द्यायची, "कुत्रं धरा!" आतून "या" आलं की मगच पुढे व्हायचं. रानाचा मालक असो की वाटसरू, रीत सगळ्यांना एकच. मी लहानपणापासून ती पाळलेली होती.

त्या दिवशी सकाळी मी बांधावर आलो. अंगात पलटणीचा कोट, पायात बूट. उन्हं नुकतीच वर आली होती. मनात आलं, रान आमचं आणि मी लढाईवरून आलेला माणूस. धनगराला हाका काय मारायच्या? मी तसाच चालत गेलो, वाघर ओलांडली आणि दोन दिवसांचं एक कोकरू उचललं. ते ओरडलं मात्र, कुत्र्याने माझी पोटरी धरली. चुलीपाशी बसलेली म्हातारी ओरडत उठली, तसं त्याने लगेच सोडलं आणि ते कोकराच्या आणि माझ्या मधे जाऊन उभं राहिलं.

आरडाओरडा ऐकून विहिरीवरून सगळे पळत आले. भावाच्या हातात कुऱ्हाड होती. पलटणीत आम्हाला शिकवलं होतं, चावणारं कुत्रं मारायचं नाही, बांधून ठेवायचं. दहा दिवस धडधाकट राहिलं तर ते पिसाळलेलं नाही, माणसाला भीती नाही. मारून टाकलं तर कळायचं कसं? मी आडवा आलो तो एवढ्यासाठी. मला माझा जीव वाचवायचा होता. कुत्र्याची दया त्यात कुठेच नव्हती.

आबांनी विचारलं, "हाक दिलीवतीस का रं?"

"दिली व्हती," मी म्हणालो.

म्हातारा धनगर माझ्याकडे बघत राहिला. मग बायकोला म्हणाला, "तू व्हतीस न्हवं हितं? ऐकलीस का हाक?"

ती म्हणाली, "वारं व्हतं. मला ऐकू आलं नसंल."

म्हाताऱ्याने फेटा काढून हातात घेतला. "मालक," तो आबांना म्हणाला, "हाक दिलेल्या माणसाला धरणारं कुत्रं आमी वाघरीवर ठेवत न्हाई. आज ह्यास्नी धरलं, उद्या कुणाचं लेकरू धरंल. धा दिस बांधतो. धाकल्या मालकास्नी काय झालं न्हाई म्हंजी मग ह्येला वढ्याला न्हेतो." ओढ्याला कशाला नेणार, ते कुणी विचारलं नाही.

त्याच दिवशी सांगलीच्या डॉक्टरांनी जखम धुतली आणि तेच दहा दिवस सांगितले. कुत्र्यात काही फरक दिसला तर लगेच या, पोटात सुया घ्याव्या लागतील, असं बजावलं.

रोज सकाळी मी लंगडत रानात जायचो आणि कुत्रं पाणी पितंय का ते बघायचो. पहिले तीन दिवस ते गुरगुरलं. चौथ्या दिवशी नुसती मान वर केली. त्याने भाकरी खाल्ली की मला हायसं वाटायचं आणि लगेच लाजही वाटायची. त्याचा एकेक दिवस सरत होता तो माझ्या जिवासाठी, आणि दहावा दिवस सरला की त्याचा जीव जाणार होता. माझ्या एका शब्दावर. वास्तविक म्हाताऱ्याला पुढच्या गावी मेंढरं बसवायला जायचं होतं. तिथला शेतकरी दोनदा बोलवायला येऊन गेला. म्हातारा हलला नाही. "आमच्या कुत्र्यानं केलंय, आमालाच निस्तारलं पायजे," एवढंच त्याचं उत्तर.

आठव्या दिवशी म्हातारी एकटीच होती. कुत्र्यापुढे दुधात भाकरी कुस्करत होती.

"मावशी," मी म्हणालो, "त्या दिवशी वारं न्हवतं."

तिचा हात थांबला नाही. "व्हय, न्हवतं."

"मग असं का बोललासा?"

"आवं, लढाईवरनं जित्तं आलायसा तुमी. तुमच्या बापाम्होरं तुमाला खोटं पाडू व्हय?" थोड्या वेळाने म्हणाली, "ह्यो पर लय गुणाचा हाय."

मला तेव्हाच धावत घरी जाऊन सांगायला हवं होतं. मी गेलो नाही. आणखी दोन दिवस गप्प बसलो. खरं सांगायचं तर कुत्रं चावल्यापेक्षा मला या दोन दिवसांचं जास्त लागलं आहे.

दहाव्या दिवशी सकाळी कुत्र्याने भाकरी खाल्ली, शेपूट हलवली. आबा आणि भाऊ बघायला आले होते. "चला, पोरगं वाचलं," आबा म्हणाले. म्हाताऱ्याने खुंट्याची दोरी सोडून हाताला गुंडाळली. म्हातारीने पाठ फिरवली.

"आबा, मी हाक दिली न्हवती."

 भाऊ म्हणाला, "म्हंजी कुत्र्यानं ड्यूटी केली आन फाशी बी त्यालाच? ह्ये शिकवलं व्हय रं पलटणीत?"

मी म्हाताऱ्यापुढे वाकलो. "मामा, चुकलं माझं."

तो खाली बसला आणि त्याने कुत्र्याचं डोकं मांडीवर ओढलं. "तरी म्हणलं," तो त्यालाच सांगत होता, "आठ वरसांत कवा असं केलं न्हाई बाबा तू." मग वर बघून मला विचारलं, "पाय कसा हाय आता?"

मला शिव्या चालल्या असत्या.

 आबा काठी बांधाकडे करून म्हणाले, "जा. तितनं हाक दे आन मग ये."

मी बांधावर गेलो. सगळे बघत होते.  मी ओरडलो, "आवं, कुत्रं धरा! मी येतोय!"

"या मालक, या!" म्हातारी आतून म्हणाली, आणि तिला हसू आवरेना.

कुत्रं उठलं, त्याने माझ्याकडे बघितलं आणि मी वाघरीपाशी पोचेपर्यंत परत बसलं.

दुपारी त्यांनी बिऱ्हाड घोड्यावर लादलं. गावात मात्र मोठ्या मनाचीच गोष्ट पसरली. आबा बोलले नाहीत, भावानेही माझी लाज राखली, आणि मी ती तशीच चालू दिली. ते आज इथे लिहून टाकतो आहे.

पुढच्या वर्षी ऊस गेल्यावर ते दोघं परत आले. मी दोन बांध अलीकडूनच हाक दिली. म्हातारी चुलीपुढून उठून, डोळ्यांवर हात धरून बघत ओरडली, "या की! एवढ्या लांबनं कशाला वरडतासा? त्यो वळखतोय न्हवं तुमाला!"

तरी मी मधल्या बांधावर थांबून पुन्हा एकदा हाक दिली.