मानेवरचा चटका

भवानी पेठेत बसव्वा दहा-बारा बायकांबरोबर कडक भाकऱ्या करते. या कामात बोटांवर, मनगटांवर चटके बसतातच. त्यामुळे तिच्या हातांवरच्या डागांकडे वर्षभर कुणाचे लक्ष गेले नाही. ते सोळा वर्षांच्या थोरल्या लेकीने, महेश्वरीने दिलेले होते. महेश्वरी वर्गात पहिली येते, शिक्षकांशी नम्रपणे बोलते आणि घरी भाजी अळणी झाली की आईला तापल्या उलथन्याने डागते.

मार्चमध्ये शेजारी बसणाऱ्या बजाबाईला बसव्वाच्या मानेमागे ताजा फोड दिसला.

"तवा मागनं येतो व्हय गं?"

"घसरले मी."

"मानेवर? लई भारी घसरतीस की. थोरलीनं मांजराचा पाय मोडला, तवाबी हसलीस. धाकटीला तरी दुधनीला मामाकडं धाड."

"वयच तसलं असतंय. माझ्यावर भागतंय तिचं. धाकटीला हात न्हाय लावत."

पंधरा दिवसांनी आठ वर्षांची धाकटी, पायल, आईबरोबर कामावर आली. तिच्या दंडावर फोड होता. बायकांचे हात थांबले. पायलने तोंड उघडण्याआधीच बसव्वा म्हणाली, "भाकरी शिकतीय ती," आणि तिच्या हातात पिठाचा गोळा दिला.