नाकातले दोन थेंब

शेजारीण दारात पाय पसरून बाळाला तेल लावत होती. तिचं बोट बाळाच्या नाकाशी गेलं, तशी मी ओरडलेच, "नाकात नको गं!"

"दोन थेंबांनी काय होतंय?" ती हसली.

मागे माझ्या लेकीचा न्यूमोनिया औषधांनी हटेना, तेव्हा डॉक्टरबाईंनी खोदून खोदून विचारलं. मी रोज नाकात घालायचे ते तेलच तिच्या फुप्फुसात उतरलं होतं. सातवीत शाळा सोडलेल्या मला त्या रागावल्या नाहीत, पोर वाचवली. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. पण कारण मायेच्याच हातात सापडलं, तर त्या हाताकडे बघायचं कसं?

गावी आईला मी "थंडी बाधली" एवढंच सांगितलेलं, कारण तेल घालायला तिनंच शिकवलं होतं. काल फोनवर ती म्हणाली, "तुझ्या वहिनीच्या बाळाला मीच न्हाऊ घालते." मग मला सांगावंच लागलं.

ती म्हणाली, "म्हणजे मीच का गं?"