दोन रिंगा

२००५ साल, मार्च महिना. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. वय आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचणारा म्हणेल म्हाताऱ्याला भ्रम झाला असेल. भ्रमबिम काही नव्हता. कॉव्हेंट्रीत एकतीस वर्षं मी फाउंड्रीत लोखंड ओतलं, कधी हात थरथरला नाही. भूतखेत, अंगात येणं, दृष्ट काढणं... यातलं काही मी आयुष्यात मानलं नाही. माझी बायको सुमन मीठमोहरी घेऊन पुढे आली की मी उठून गार्डनमध्ये जायचो. शिक्षण माझं चौथी पास. इथल्या मराठी मंडळाच्या अंकात शिकलेली माणसं लिहितात, त्यात मी काय लिहिणार. तरी लिहितोय, आणि मराठीतच लिहितोय, त्याला कारण आहे.

आमची एकुलती एक मुलगी अनिता, इथेच जन्मलेली. युनिव्हर्सिटी झाली, कौन्सिलच्या ऑफिसात पर्मनंट नोकरी लागली. दोन वर्षांत ती नोकरी सोडली आणि म्हणाली, मी जपानला चालले, शाळेत इंग्लिश शिकवायला. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आपली भाषा तुला धड येत नाही, त्यांची तर नाहीच, मग तिसऱ्याची भाषा शिकवायला जाणार? मी भट्टीपुढे उभा राहिलो तो तू खुर्चीत बसावंस म्हणून. ती म्हणाली, बाबा, तिथे पण खुर्ची असते. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, गेलीस तर फोनवर माझा आवाज ऐकायला मिळणार नाही.

ती गेली. मी शब्दाचा पक्का. दोन वर्षं उलटून गेली तरी मी तिच्याशी एक अक्षर बोललो नाही.

बोलत नव्हतो, पण ऐकत होतो. दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. सुमन पॅसेजमध्ये स्टुलावर बसून बोलायची आणि मी किचनमध्ये टीव्हीचा आवाज बारीक करून बसायचो. फोन ठेवला की सुमन भांडी घासत सगळं पुन्हा सांगायची, भिंतीला सांगितल्यासारखं. अनिताचं गाव जपानच्या उत्तरेकडे, बर्फाचं. खालच्या मजल्याच्या खिडक्या जानेवारीत बर्फात बुजतात. वर्गात रॉकेलचा स्टोव्ह, त्यावर किटली. इंग्लंडची बाई येणार म्हणून गोरी येईल असं शाळेला वाटलेलं, आणि आली ही आमची सावळी. पोरांनी विचारलं, तुम्ही खरंच इंग्लंडच्या का? शाळेत शिरताना बूट काढून सपाता घालायच्या, संडासाच्या सपाता वेगळ्या. ही एकदा संडासाच्याच सपाता घालून वर्गात गेली, चाळीस पोरं हसून लोळली. हे ऐकून मी पण हसलो होतो, पण तोंडापुढे पेपर धरून.

आता मुद्द्याचं. तिकडे थंडीत रात्री झोपायच्या आधी नळाचं सगळं पाणी सोडून द्यावं लागतं. खाली एक कॉक असतो, तो फिरवून पाइप रिकामे करायचे, नाहीतर पाणी गोठून पाइप फुटतात. पहिल्याच हिवाळ्यात अनिता विसरली. पाइप फुटला, हिचं घर भिजलंच, खालच्या म्हातारीच्या घरातही पाणी गेलं. पोर माफी मागायला मिठाईचा डबा घेऊन तिच्या दारात वाकून उभी राहिली, आणि नंतर आईजवळ फोनवर रडली.

त्या दिवसापासून सुमनने एक सुरू केलं. दुपारचा एक वाजला की ती जपानला फोन लावायची, दोन रिंगा द्यायची आणि कट. आपल्याकडचे एक, म्हणजे त्यांचे रात्रीचे दहा. दोन रिंगा म्हणजे, पोरी, पाणी सोड. उचलायचा नाही, बोलायचं नाही. थंडी संपेपर्यंत रोज. मी म्हणायचो, सव्वीस वर्षांची घोडी झाली, तिला कळत नाही? सुमन म्हणायची, "तुम्ही नका देऊ. मी देते."

२००५च्या जानेवारीत चहा गाळता गाळता सुमन खाली बसली. हॉस्पिटलात दोन दिवस होती. गेली.

अनिता आली. क्रिमेटोरियमला माझ्या शेजारी उभी राहिली, घरी दहा दिवस राहिली. शेजारच्या कुलकर्ण्यांची सून प्राजक्ता डबा आणायची, तिलाच मी सांगायचो, अनिताला म्हणावं जेवून घे. पोरगी चार हातांवर बसलेली असायची. आज लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटायचं, आधी ती बोलेल. तिलाही तसंच वाटत असेल, माझीच मुलगी ती.

जायच्या दिवशी टॅक्सी दारात आली. कोट घालून ती पॅसेजमध्ये फोनजवळ थांबली. आठवण म्हणून आईची फोननंबरांची डायरी तिने मागितली होती, ती हातात होती. म्हणाली, "बाबा, आता मला पाणीचा आठवण कोण देणार?"

मी टीव्हीकडे बघत होतो. टीव्ही बंद होता.

ती गेल्यावर लोकांचे सांत्वनाचे फोन चालूच होते. मला ते सहन होईना. मी फोनचा प्लग भिंतीतून उपटला आणि वायर बुटांच्या कपाटामागे टाकून दिली. त्यानंतर दीड महिना त्या फोनला मी हात लावला नाही. कोणाला करायचा होता?

मार्चमध्ये एका शनिवारी संध्याकाळी पोस्टातून आलेलं अनिताचं पत्र घेऊन मी प्राजक्ताला बोलावलं. इंग्लिशमधलं पत्र मला वाचता येत नाही. ती पुण्याची, सॉफ्टवेअरमध्ये आहे. किचनमध्ये बसून ती एकेक ओळ मराठीत सांगू लागली.

पहिलीच ओळ होती, "बाबा, रोज रिंग देता त्याबद्दल थँक यू."

मी म्हटलं, पुन्हा वाच. तिने पुन्हा वाचलं. पुढे असं होतं की मी परत आले त्याच रात्री दहाला दोन रिंगा आल्या. मी कॉक फिरवला आणि तिथेच जमिनीवर बसून रडले. मी फोन केला तर तुम्ही उचलत नाही, ते मला समजतं. बोलू नका. रिंग येते, म्हणजे तुम्ही बरे आहात. एका शनिवारी मला ताप होता, मी झोपून गेले होते. पण तुम्ही शनिवारची दुसरी रिंगसुद्धा दिलीत, त्याने जाग आली, नाहीतर पाइप गेलाच होता. दुसऱ्या रिंगचं आईने सांगितलं होतं का?

प्राजक्ता थांबली. म्हणाली, "काका, ही शनिवारची दुसरी रिंग काय आहे?"

मला माहीत नव्हतं. पत्रातच पुढे होतं. शनिवारी अनिता बाकीच्या टीचरांबरोबर जेवायला जायची, उशिरा यायची, म्हणून आई शनिवारी एकला दोन रिंगा द्यायची आणि अर्ध्या तासाने आणखी दोन. सुमन असताना शनिवारी दुपारी मी लायब्ररीत मराठी पेपर चाळायला जायचो. हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

मी म्हटलं, पोरी, मी एकही रिंग दिलेली नाही. ती मला समजावायला लागली, काका, दुःखात माणूस करतो आणि विसरतो. मी तिला पॅसेजमध्ये नेलं, कपाट ओढलं. प्लग तिथेच पडलेला, त्यावर कोळ्याचं जाळं. ती बराच वेळ वाकून बघत राहिली. मग म्हणाली, एक्स्चेंजचा काहीतरी फॉल्ट असेल. मी विचारलं, फॉल्टला शनिवार कळतो का? आणि नंबर तरी माझ्याकडे कुठे होता? डायरी जपानला गेलेली.

आज इतकी वर्षं झाली. त्या दीड महिन्यात या घरात दुपारी एक वाजता मी रोज एकटा जेवत बसलेला असायचो. मला काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. जिला ऐकू आलं ती तिकडे, बर्फात. अनिता आता रीडिंगला असते, तिला अजून वाटतं ते मीच केलं. तिला मी आजवर खरं सांगितलेलं नाही. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून इथे लिहिलं. जे मी करायला हवं होतं ते दुसऱ्या कोणीतरी केलं आणि नाव माझं झालं... हे ओझं या वयात पेलत नाही.

पत्र वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी मी लवकर उठलो. अंघोळ केली, दाढी केली. जाळं पुसून प्लग भिंतीत लावला. पत्राच्या वर अनिताने तिचा नंबर लिहिला होता. आकडे मला वाचता येतात. सुमनच्या स्टुलावर बसून एकेक बटण दाबलं. तिकडे संध्याकाळ झाली असणार.

एक रिंग झाली. दुसरी झाली. ती उचलणार नव्हती, कारण दोन रिंगांचा अर्थ ठरलेला. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला. तिसरी, चौथी, पाचवी. सहाव्या रिंगला तिने उचलला. नुसता श्वास ऐकू येत होता.

मी विचारलं, "जेवलीस का?"