पाहुण्यांसाठी राखलेलं धरण

आमच्याकडे धरण पावसानं भरतं, पण त्याचे दरवाजे पाहुण्यांच्या सवडीनं उघडतात.

पूर्णा नदीच्या काठाला माझ्या मामाचं गाव आहे. त्या पावसाळ्यात वरचं धरण काठोकाठ आलं, पावसाचं थांबायचं चिन्ह नव्हतं, तरी दरवाजे बंद. कारण जलपूजन व्हायचं होतं. मोठे पाहुणे साडीचोळी, नारळ वाहून धरणाची ओटी भरणार होते, आणि अर्धवट भरलेल्या धरणासोबत फोटो चांगला येत नाही.

मी परभणीत पत्रकं छापून वाटत होते. धरणात आधीच जागा ठेवा, थोडं थोडं पाणी सोडत राहा, नाहीतर सगळा लोंढा एकदमच खालच्या गावांवर येईल. इतकी साधी मागणी. पाटबंधारे खात्याच्या साहेबांनी पत्रक वाचलं, कागद चांगला आहे म्हणाले.

मामाकडे गेले, तर नदीलगतच्या रानात कापलेल्या सोयाबीनची गंजी ताडपत्रीखाली उभी. सगळा हंगाम तेवढ्यात. मळणीयंत्र दोन दिवसांनी येणार, म्हणून मामा निर्धास्त. गंजी वर हलवा म्हणून मी मागे लागले, धरणाचा धोका समजावला.

"माय, आदीच पाणी सोडलं आन् वरून पाऊस आला न्हाई, तर गहू काय तुझ्या पत्रकावर पेरू का?" मामा म्हणाला.

याला उत्तर होतं. पण मामाला ते ऐकायचं नव्हतं, कारण दुसऱ्या दिवशी सगळा गाव टेम्पो करून जलपूजनाला निघाला होता. भरलेलं धरण बघायला! त्या पाण्याच्या वाटेत ज्यांची रानं, तेच टाळ्या वाजवायला. मलाही ओढून नेलं. ओटी भरायला बाया कमी पडत होत्या म्हणे.

पाहुणे अर्थातच उशिरा आले. सत्कार झाले, सत्कार करणाऱ्यांचे सत्कार झाले. तोवर धरणात वरून पाणी येतच होतं, त्याला निमंत्रणपत्रिका गेली नसावी. शेवटी पाहुण्यांनी बटण दाबलं. एक दरवाजा उघडला, गर्दी खूश. मग साहेबांचे चेहरे बदलले आणि एकामागून एक सगळेच दरवाजे उघडले. फेसाळलेलं पाणी नदीत कोसळत होतं आणि मामा मोबाइल उंच धरून शूटिंग करत होता.

मध्येच त्याचा हात खाली आला.

"हे पाणी आपल्याकडंच जायलंय की," तो म्हणाला.

नदीला वळणं आहेत, टेम्पोला सरळ रस्ता, एवढाच काय तो शासनाचा उपकार. ड्रायव्हर जेवायला बसला होता, त्याला पंगतीतून उठवून आणला. आम्ही रानात पोचलो तेव्हा पाणी बांधाशी आलं होतं. ट्रॅक्टर चिखलात शिरेना. मग जलपूजनाच्या साड्या नेसलेल्या बाया आणि फेटे बांधलेली माणसं डोक्यावर पेंढ्या घेऊन धावू लागली. निम्मी गंजी वर आली. बाकीची ताडपत्रीसकट उचलली गेली आणि संथपणे गोदावरीच्या दिशेनं निघाली.

आम्ही गुडघाभर पाण्यात असताना फोन वाजला. सरकारी संदेश होता: नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.

"मोठ्यानं वाच," मामा म्हणाला, "पाण्यालाबी ऐकू जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी समाजमंदिराच्या ओसरीवर आम्ही भिजलेल्या शेंगा पसरत बसलो. वास यायला लागला होता. मळणीयंत्रवाला येऊन बघून गेला. मामानं मान वर न करता विचारलं,

"अजून सोडायलेत का पाणी?"

"सोडायलेत."

त्यानं एक शेंग फोडली, दाणा दाताखाली दाबून पाहिला, थुंकला.

"मंग गव्हाला राहील ना थोडं?"

माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मी शेंगा उलटत राहिले.