भिंतीलगतचा बर्फ

"बर्फ मऊ आहे," मिक्को म्हणाला. "सगळीकडे नाही. भिंतीलगत."

बुधवारी सकाळचे सात वाजले होते, रिंक उघडायला अजून तीन तास. मी पॅनेल बघितलं. बर्फाचं तापमान उणे साडेपाच, हॉकीला हवं तेवढंच. सिंगापूरच्या दमट हवेत, मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर बर्फ गोठवून ठेवायचं काम मी अकरा वर्षं करतोय. माझ्या बर्फाला कुणी नावं ठेवली की मला झोंबतं.

मिक्को फिनलंडचा व्यावसायिक आइस हॉकीपटू. वय अडतीस, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. बायकोची नोकरी सिंगापुरातच, पाया लेबारला, म्हणून तो इथे. खेळायचा विंगर म्हणून. विंगर म्हणजे मैदानाच्या कडेनं, भिंतीला जवळजवळ चिकटून पळणारा गडी. शनिवारी एका युरोपियन क्लबचा कोच व्हिडिओ कॉलवर त्याची धाव बघणार होता. जमलं तर एका सीझनचं काँट्रॅक्ट, नाही तर करिअर संपलं. आणि आठवडाभर त्याचं टायमिंग वाईट येत होतं.

आमचे मॅनेजर मिस्टर टॅन यांनी दारातूनच आपल्या सिंगापुरी इंग्रजीत निकाल दिला. "आइस ओके ला. लेग नॉट ओके."

मलाही तसंच वाटलं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! पण मिक्को भांडला नाही. पाय संपला असेल तर ते मला कळायला हवं, एवढंच म्हणाला. मग स्टिकनं बर्फावर एक रेघ ओढली. "इथून मऊ लागतो. मोजून सांग."

मोजायचं म्हणजे ड्रिलनं बारीक भोक पाडून बर्फाची जाडी बघायची. मध्यभागी बत्तीस मिलिमीटर, चोख. रेघेच्या अलीकडे बत्तीस. रेघेच्या पलीकडे चाळीस, आणि भिंतीशी साठ. जाड बुटातून, पोलादी पात्यावरून या माणसाच्या पायाला ते कळलं होतं.

गारवा खालून येतो, काँक्रीटमधल्या नळ्यांतून. बर्फ फार जाड झाला की तो वरपर्यंत पोचत नाही आणि वरचा थर मऊ राहतो, पातं त्यात रुततं. बर्फ गुळगुळीत करायला रोज वरून पाणी सोडतो, त्यानं कडेचा बर्फ चढत जातो. तो एजर नावाच्या छोट्या यंत्रानं तासावा लागतो. आम्ही ते कित्येक महिने टाळलं होतं. कडेला असतात कोण? भिंत धरून उभे राहणारे नवशिके. त्यांचं काय अडतंय, असं आमचं चाललेलं. पॅनेलला तापमान कळवणारा माझा सेन्सरही मध्यभागीच. अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते माझं होतं.

टॅनना मी तसं सरळ सांगितलं. त्यांनी एजरची किल्ली काढून दिली. गुरुवार आणि शुक्रवार, दोन्ही दिवस पहाटे पासिर रिसच्या घरून पहिली ट्रेन पकडून येत होतो आणि वाकून बर्फ तासत होतो. कंबर मोडली.

शनिवारी टॅननी फोन धरला, मी स्टॉपवॉच. मिक्को भिंतीलगत सुटला आणि माझ्यापासून हातभरावरून गेला. आधी कर्र असा आवाज, मग वाऱ्याचा झोत, मग समोर कुणीच नाही. पुढच्या वळणावर तो इतका कलला होता की हातमोजा बर्फाला टेकत होता, आणि सगळा भार त्या ऑपरेशनच्या गुडघ्यावर. बटण दाबायला मी विसरलोच. वेळ शेवटी कोचनंच व्हिडिओवरून काढली.

काँट्रॅक्ट मिळालं. मी मिक्कोची माफी मागितली. तो बूट सोडत होता, मान वर न करता म्हणाला, "मंगळवारी मी बायकोला सांगून टाकलं होतं, की संपलं."

आता सेन्सर भिंतीशी बसवलाय. तिथे वायर ओढणं फार कटकटीचं आहे. म्हणूनच अकरा वर्षं तो तिथे नव्हता.