बावीस सप्तमांश मोठे, असं सांगणारी शालू

अमरावतीच्या बसस्टँडवर अकोल्याच्या गाडीत जागा धरून बसले होते, तेव्हा शालूच्या यजमानांचा, प्रभाकररावांचा फोन आला. "शालू गेली..." एवढंच बोलले. मी तिलाच भेटायला निघाले होते. उतरले नाही, तशीच गेले. अंगणात बायका म्हणत होत्या, किती शांतपणे गेली, गरीब स्वभावाची होती बिचारी. मला राग आला. अजूनही आहे. शालू बिचारी नव्हती, आणि तिचा स्वभाव गरीब असता तर हे लिहायचं कारणच उरलं नसतं.

तेल्हाऱ्याच्या मुलींच्या शाळेत आम्ही एकाच वर्षी लागलो. मी मराठीची, ती गणिताची. वर्ग शेजारी आणि मधली भिंत पातळ, त्यामुळे आठवीचा परिमेय आणि अपरिमेय संख्यांचा धडा मी दरवर्षी न मागता ऐकत आले. एकदा नाझिया नावाची मुलगी उठून म्हणाली, "बाई, दोनचं वर्गमूळ तर संपतच नाई. एक पूर्णांकाच्या पुढं आकडे चालूच राह्यतात. मंग ते दीडपेक्षा मोठंच असन ना?" वर्ग हसला. शालूनं हसणाऱ्यांना गप्प केलं आणि सगळ्यांना मैदानात नेलं. चुन्यानं संख्यारेषा आखली, शून्य ते एकवर चौरस काढला, त्याच्या कर्णाएवढी दोरी घेतली, एक टोक शून्यावर धरलं आणि दुसरं टोक नाझियाला रेषेपर्यंत फिरवत आणायला लावलं. ते दीडच्या अलीकडेच टेकलं. "संख्या किती लांब बोलते ते नको पाहू," शालू म्हणाली, "कुठं उभी हाये ते पाह्य."

त्याच वर्षी एका गणित स्पर्धेत प्रश्न आला, π आणि बावीस सप्तमांश यांत मोठी संख्या कोणती, की दोन्ही समान? नाझियानं लिहिलं, बावीस सप्तमांश मोठे. संयोजकांच्या उत्तरात 'समान' होतं, आणि तेवढ्यापायी तिचं बक्षीस गेलं. शालू तिला घेऊन थेट बक्षीस समारंभाला गेली. मीही सोबत होते. संयोजक हसून म्हणाले, "मॅडम, पुस्तकात π म्हणजे बावीस सप्तमांशच धरतात ना?"

"धरतात सर. धरलं म्हणून तसं झालं काय?"

मंचावरच्या फळ्यावर रंगीत खडूनं 'सुस्वागतम्' लिहिलेलं होतं. ते पुसून तिनं भागाकार मांडला. बावीस भागिले सात, ३.१४२... त्याखाली π, ३.१४१... "तिसऱ्या घरात इथं दोन अन् इथं एक. यात समान काय दिसून राह्यलं तुमाले?" निकाल जाहीर झालाय, आता बदलता येणार नाही, असं उत्तर मिळालं. 'सुस्वागतम्' पुसल्याचा मात्र सगळ्यांना फार राग आला.

शाळेनं तिच्याकडून आठवी काढून पाचवी दिली. मी म्हटलं, माफी मागून टाक, विषय संपव. "कायची माफी वं? भागाकार बरोबर केल्याची?" ती पाचवीला अपूर्णांक मन लावून शिकवत राहिली, आणि शाळा भरायच्या आधी आठवीच्या मुली व्हरांड्यात तिच्याभोवती बसू लागल्या. शेवटी पालकांनीच भांडून तिला आठवीवर परत आणलं. नाझियाला ते बक्षीस कधीच मिळालं नाही. आम्ही विसरलोही नाही.

निवृत्तीनंतर ती अकोल्याला आली. आजार कळल्यावर डॉक्टरांनी बोलायचंसुद्धा कमी करायला सांगितलं. हिनं समोरच्या खोलीत फळा टांगला आणि रविवारी गल्लीतल्या मुलींना बोलावलं. शेवटच्या भेटीत तिचा आवाज पार बसला होता. मी विचारलं, फार दुखतं का? "दुखते ना... पण चूप बसलं तरी दुखतेच. मंग शिकवून दुखू दे."

तेरवी झाल्यावर नातेवाइकांनी सुचवलं, आता ती खोली भाड्यानं द्या. रविवारी सकाळी प्रभाकररावांनी तिची कडी काढली आणि दार सताड उघडं ठेवलं. आता तिथे नाझिया शिकवते. अचलपूरच्या शाळेत ती गणिताची शिक्षिका आहे, सुट्टीच्या दिवशी एसटीनं येते. परवा मी उंबऱ्याशी बसून ऐकत होते. तिनं एक उदाहरण सोडवून खाली रेघ ओढली. पुढं बसलेली एक चिमुरडी हात वर न करताच म्हणाली, "बाई, मले नाई पटलं."

नाझियानं खडू तिच्या हातात दिला आणि तिच्या जागेवर जाऊन बसली.