पाळणाघरातला गारवा

एसीचे तापमान राखणाऱ्या जुन्या कंट्रोलरसाठी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती वापरावी की जुनी, हा माझा प्रश्न होता. चाकणच्या एका कारखान्यातले पाळणाघर मी सांभाळते. त्या दुपारी तिथे हवा फार गार येऊ लागली आणि बाळे कुडकुडू लागली. दुरुस्तीला आलेल्या मुलीचे नाव मी विचारलेच नाही. तिने आधी आपले जाकीट सर्वांत लहान बाळावर पांघरले, मग लॅपटॉप उघडला. त्यात कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरच्या नवी आणि जुनी अशा दोन आवृत्त्या दिसत होत्या.

"नवीच आवृत्ती चांगली असेल ना?" मी विचारले.

"ताई, नवीत प्रोग्राम एकदा सेव्ह केला की तो जुनीत परत उघडत नाही. आणि तुमचा कंट्रोलर ओळखतो जुनीलाच. तुम्ही नाही का, बाळाशी बाळाच्याच भाषेत बोलता?"

तिने जुन्या आवृत्तीतून प्रोग्राम सुधारला. पडद्यावर तापमान योग्य दिसत होते, तरी ती स्टुलावर चढून एसीच्या झोताखाली तळहात धरून उभी राहिली. मग उतरून तिने त्या लहान बाळाचे तळपाय चाचपले. ते कोमट लागले, तेव्हाच तिने जाकीट हळूच उचलले.

कंट्रोलर ओळखेल तीच आवृत्ती, हे मला मिळालेले उत्तर. तरी माझ्यावर विसंबू नका. आपल्या कंट्रोलरची आवृत्ती स्वतः वाचा, आणि काम झाल्यावर झोताखाली हात धरून पाहा.